पलंगामागचा सील



'पलंगामागचा सील' हे नाव फलकावर वाचून कोणी प्राणिशास्त्राचे चार धडे ऐकावयास आले असतील, तर त्यांची निराशा होणार आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी ज्या सीलविषयी बोलणार आहे तो कोणत्याही समुद्रात सापडत नाही. तो एका कागदावर राहतो, आणि जाणकारांच्या मते त्याच्या मिशासुद्धा चुकलेल्या आहेत.

चित्र असे आहे. एक मोठा पलंग आहे. त्यावर नवराबायको शेजारी शेजारी आहेत. मध्यरात्री नवऱ्याला सील भुंकल्याचे ऐकू आले आहे. बायकोचा त्यावर काडीचाही विश्वास नाही. पण वाद मिटावा आणि झोप मिळावी म्हणून ती वैतागून त्याचे म्हणणे तोंडदेखले कबूल करून टाकते आहे. आणि या दोघांच्या डोक्यामागे, पलंगाच्या उंच पाठीवर ओणवा होऊन, एक भला थोरला सील कुठेतरी लांब पाहत बसला आहे. तो तेथे कसा आला याचा खुलासा नाही. दोघांपैकी कोणी मान वळवून पाहील असेही चिन्ह नाही.

हे चित्र 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाच्या ३० जानेवारी १९३२ च्या अंकात आले आणि जेम्स थर्बर हे नाव घरोघर झाले. नव्वदांहून अधिक वर्षे लोटली तरी हे चित्र पाहून माणसे हसतात. का हसतात? नवरा वेडा आहे असे दाखवले असते तर ते साधे विडंबन झाले असते. येथे नवरा बरोबर आहे. त्याने जे ऐकले ते खरे आहे, पुरावा त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बसला आहे, आणि तरी या रात्री हार त्याचीच होणार आहे. थर्बरचे सारे जग या एका पलंगाभोवती मावते असे मला वाटते. ज्याला भलतेच काही दिसते किंवा ऐकू येते, ज्याचे कोणी खरे मानत नाही, आणि ज्याला स्वतःलाही आपली खात्री वाटत नाही, असा हा माणूस आहे. आपल्याकडे ज्यांना चिमणरावांचा शेजार आहे, त्यांना तो परका वाटू नये.

आता हा सील पलंगावर चढला कसा, ती हकीकत ऐका. थर्बर १९२७ साली न्यू यॉर्करमध्ये आला. साप्ताहिक अवघे दोन वर्षांचे होते. हॅरॉल्ड रॉस हा त्याचा संस्थापक संपादक. थर्बर तेथे चित्रकार म्हणून आलेला नव्हता. लिहिणे आणि संपादन करणे हे त्याचे काम. चित्रे तो काढी ती टेलिफोनवर बोलताना, विचार करताना, कंटाळा आला असताना, म्हणजे तुम्ही आम्ही पाकिटाच्या पाठीवर रेघोट्या ओढतो तशी. काढी आणि फेकून देई. त्याच्याच खोलीत ई. बी. व्हाइट हा दुसरा लेखक बसत असे. अमेरिकन गद्यातील हा एक अत्यंत नेटका लेखक. त्याने केराच्या टोपलीतून थर्बरची चित्रे उचलली, पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवली, आणि १९२९ साली एक चित्र संपादकांच्या चित्रसभेपुढे पाठवले. त्यात खडकावर बसलेला एक सील होता आणि तो दूरवरच्या दोन ठिपक्यांकडे पाहत होता.

चित्र परत आले. सोबत कलाविभागप्रमुखाने सीलचे डोके स्वतः रेखाटून, सीलच्या मिशा कशा असतात याचा धडा दिला होता. व्हाइटने चित्र पुन्हा पाठवले आणि सोबत लिहिले की थर्बरच्या सीलच्या मिशा अशाच असतात. चित्र पुन्हा परत आले. पुढे दोन वर्षांनी थर्बरने तेच चित्र नव्याने काढावयास घेतले, तर खडक काही केल्या खडकासारखा होईना. तो पलंगाच्या पाठीसारखा दिसू लागला. दुसरा चित्रकार असता तर कागद फाडता. थर्बरने खडकाला पलंग ठरवले, त्याखाली नवराबायको निजवली, आणि ते काय बोलत असतील याचा विचार केला.

या हकीकतीत त्याची सारी पद्धत आली. हात जे काढील त्याच्यामागून डोके जाते. ग्रंथालयाच्या कपाटासारख्या एका फडताळावर एक बाई चार पायांवर बसली आहे आणि खाली घरमालक पाहुण्याला आपल्या पहिल्या आणि सध्याच्या बायकोची ओळख करून देतो आहे, असे त्याचे आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे. त्याचे मूळही असेच. जिना काढावयास गेला, जिन्याचे कपाट झाले, आणि बाई वर राहून गेली. ते पाहून रॉस बेचैन झाला. त्याने दूरध्वनी करून विचारले की फडताळावरची बाई जिवंत आहे, मेलेली आहे, की पेंढा भरून ठेवलेली आहे? थर्बरने चौकशी करून कळवले की बाईत पेंढा भरता येत नाही असे त्या धंद्यातला माणूस म्हणतो, मेलेल्या माणसाला असे चार पायांवर टेकता येत नाही असे डॉक्टर म्हणतो, त्याअर्थी ती जिवंत असली पाहिजे. रॉस अचूकपणाचा भुकेला होता. थर्बरजवळ तसल्या भुकेला घालावयास काही नव्हते. दोघांचे चोवीस वर्षे जमले, ते बहुधा यामुळेच.

अशी चित्रे दाखवली की आपल्यातला कोणी ना कोणी म्हणतोच, 'एवढे तर आमचा बंडूही काढील.' हा आक्षेप थर्बरच्या हयातीतही होता. त्याचे आणि व्हाइटचे पहिले पुस्तक १९२९ साली हार्पर या प्रकाशनसंस्थेने काढले. त्याचे नाव 'इज सेक्स नेसेसरी?' हे ऐकून पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींनी दचकू नये. त्या काळी मानसशास्त्राच्या नावावर जी गंभीर पुस्तके खपत, त्यांची ही टवाळी होती. व्हाइटने प्रकाशकांच्या कचेरीत जमिनीवर चित्रे मांडली, तेव्हा त्या सद्गृहस्थांनी विचारले की हे कच्चे आराखडे चित्रकाराला देण्यासाठी आहेत ना? व्हाइटने सांगितले की हीच चित्रे. पुढे एका नाराज व्यंगचित्रकाराने रॉसला विचारले, की माझी चित्रे परत करता आणि त्या पाचव्या दर्जाच्या थर्बरची छापता, हे कसे? रॉसने शांतपणे दुरुस्ती केली, की थर्बर तिसऱ्या दर्जाचा आहे. गोष्ट थर्बरनेच सांगितलेली आहे, आणि ती सांगताना त्याला झालेला आनंद लपत नाही.

बंडूच्या बाबतीत माझे म्हणणे इतकेच आहे की बंडूने तलवारयुद्धाचे चित्र काढून पाहावे. कार्ल रोझ या व्यंगचित्रकाराने एक कल्पना आणली होती: दोन तलवारबाज खेळताहेत, एकाने दुसऱ्याचे मुंडके साफ उडवले आहे आणि तो खेळातल्या रिवाजाप्रमाणे नम्रपणे आपला वार लागल्याचे पुकारतो आहे. रोझचा हात कसलेला. त्याच्या चित्रात गळा हा गळा दिसे, आणि त्यामुळे रक्त आठवे. रॉसने ती कल्पना थर्बरला दिली, कारण थर्बरच्या माणसांत रक्त नसते. मुंडके उडते, टाळूवरचे केसही विस्कटत नाहीत, आणि पाहणाऱ्याची खात्री असते की हा गृहस्थ थोड्या वेळाने ते उचलून पुन्हा बसवील. ज्याला शरीरशास्त्र येते त्याला हे जमत नाही. थर्बरच्या माणसांना हाडे नाहीत म्हणून त्यांच्यावर कोसळलेल्या आपत्ती आपण हसत पाहू शकतो. आणि त्यांचे डोळे मात्र इतके भेदरलेले असतात की हसताहसता आपण थांबतो.

हे भेदरलेले डोळे कोठून आले? येथे थोडे चरित्र सांगणे भाग आहे.

थर्बरचा जन्म ८ डिसेंबर १८९४ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस या गावी झाला. सातव्या वर्षाच्या आत, १९०१ साली, भावंडे धनुष्यबाण घेऊन विल्यम टेलचा खेळ खेळत असता मोठ्या भावाचा बाण त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला. डोळा गेला. तो वेळीच काढला गेला नाही, आणि पुढे उजव्या डोळ्यालाही त्याचा उपद्रव पोचला. म्हणजे ज्या मनुष्याची चित्रे जगाने पाहिली, त्याने स्वतः जग पाहिले ते एका अधू डोळ्याने.

पण त्याच्या लेखनात या गोष्टीचे रडगाणे शोधावयास जाल तर मिळणार नाही. कॉलेजच्या दिवसांवरचा त्याचा लेख घ्या. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सूक्ष्मदर्शकातून पाने पाहून पेशींचे चित्र काढावयाचे असते. बाकीच्यांना पेशी दिसतात. याला पांढुरके दूध दिसते. प्राध्यापक समजूतदारपणे भिंगे फिरवतात, मग कमी समजूतदारपणे फिरवतात, मग त्यांच्या संयमाचा बांध सुटतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच विषय, तेच प्राध्यापक, तेच दूध. अखेर एके दिवशी थर्बरला सूक्ष्मदर्शकात ठिपके आणि रेषा लख्ख दिसतात. तो आनंदाने चित्र काढतो. प्राध्यापक येतात, पाहतात, आणि त्यांना कळते की पोराने भिंगात प्रतिबिंबित झालेला स्वतःचाच डोळा काढला आहे. थर्बर ओहायो राज्य विद्यापीठातून १९१८ साली पदवी न घेता बाहेर पडला, हे यानंतर वेगळे सांगावयास नको. त्या प्रसंगात आपला एक डोळा काचेचा आहे हे तो वाचकाला सांगतही नाही. दुःखाचे भांडवल न करणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर ती दोन पाने पाहावीत.

'द ॲडमिरल ऑन द व्हील' नावाचा त्याचा दुसरा निबंध आहे. चष्मा फुटलेला आहे, दुसरा यावयास अवकाश आहे, आणि तशा अवस्थेत तो न्यू यॉर्कच्या रस्त्यांतून हिंडतो. एक म्हातारी मालमोटारीच्या आरपार निघून जाते, एक मांजर पिंपात बसून रस्ता ओलांडते. बाकीच्यांना ज्या शहरात फक्त बँका आणि दुकाने दिसतात तेथे त्याला हे दिसते, आणि स्वच्छ दृष्टीच्या माणसांची त्याला थोडी कीव येते. हा निबंध हसवतो, पण लिहिणाऱ्याचा उरलेला डोळाही जात चालला आहे हे माहीत असलेल्याला तो वेगळा वाचता येतो. तरी तो वेगळा वाचाच असा आग्रह मी धरणार नाही. लेखकाने जे झाकले ते उघडण्याची घाई आपण का करावी?

आता त्याच्या उत्तम पुस्तकाकडे वळतो. 'माय लाइफ अँड हार्ड टाइम्स' हे १९३३ सालचे पुस्तक. थोडक्या पानांचे आत्मचरित्र. चित्रे अर्थात त्याचीच. चाळिशीच्या आत आत्मचरित्र लिहिणाऱ्याने जगाला काय सांगावे? थोर पुरुषांच्या भेटी नाहीत, चळवळी नाहीत. कोलंबसमधले एक घर, त्यातली चमत्कारिक माणसे, आणि रात्री.

पहिलाच लेख पलंग पडल्याच्या रात्रीचा आहे. वडील एके रात्री विचार करावयास म्हणून माळ्यावरच्या जुन्या पलंगावर निजावयास जातात. तो पलंग मोडका आहे, त्याची जड पाठ अंगावर पडून ते मरणार, अशी आईची खात्री. घरात एक चुलतभाऊ मुक्कामाला आहे. झोपेत आपला श्वास बंद पडेल अशी त्याला भीती, म्हणून तो कापराच्या अर्काचा पेला उशाशी ठेवून निजतो. एका आत्याबाईंना वाटे की चोर येऊन आपल्याला गुंगीचे औषध हुंगवणार. तेव्हा त्या रोज रात्री आपली रोकड आणि चांदीची भांडी दाराबाहेर रचून ठेवीत आणि चोरांना चिठ्ठी लिहून ठेवीत, की सर्व काही येथेच आहे, कृपा करून औषध वापरू नये. दुसऱ्या एक बाई रोज रात्री बोळातून जोडे फेकीत, चोर आलेच असतील तर पळावेत म्हणून.

अशा घरात मध्यरात्री एक खाट उलटते. ती वडिलांची नव्हेच. ती खाली निजलेल्या जेम्सची, लष्करी बनावटीची हलकी खाट. पण आवाज झाला. आईने ऐकले ते नवऱ्याचे मरण. चुलतभावाने ऐकली ती स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यांनी केलेली धावपळ, आणि त्याने कापराचा अर्क हुंगावयाच्या ऐवजी अंगावर ओतून घेतला. खाटेखाली सापडलेल्या जेम्सला वाटले आपण खाणीत गाडले गेलो. माळ्यावरचे वडील दचकून उठले ते घराला आग लागली असे समजून. कुत्र्याला वाटले हा सारा अपराध चुलतभावाचा आहे, आणि त्याने त्याच्यावर झडप घातली. मौज अशी की ज्या पलंगाच्या नावाने लेख आहे तो शेवटपर्यंत पडत नाही. एकाच आवाजात प्रत्येकाला ऐकू आले ते त्याचे त्याचे भय. प्रत्येकाच्या पलंगामागे त्याचा त्याचा सील.

याच पुस्तकात धरण फुटल्याचा लेख आहे. १९१३ च्या मार्चमध्ये कोलंबसला खरोखरीच मोठा पूर आला होता आणि शहराच्या पश्चिम भागात माणसे बुडून मेली. थर्बरचे घर उंचावर, पूर्वेच्या बाजूला. तेथे पाणी पोचणे शक्यच नव्हते. तरी कोणीतरी धावला, त्याला पाहून दुसरा धावला, कोणी 'धरण फुटले' म्हणून ओरडला, आणि सबंध भाग पूर्वेकडे पळत सुटला. वकील, दुकानदार, लष्करातले अधिकारी, गृहिणी, सगळे. दुसऱ्या दिवशी जो तो निमूटपणे आपल्या कामाला लागला आणि त्या गोष्टीविषयी कोणी बोलेना. अफवेवर समाजशास्त्राचे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांतले किती या लेखाहून अधिक सांगतात, याविषयी मला शंका आहे.

येथे वाक्यांकडे लक्ष द्या. चित्र गबाळे, पण वाक्य अगदी कांजी केलेले, इस्त्रीचे. तारीख दिलेली, रस्त्याचे नाव दिलेले, साक्षीदाराने न्यायालयात द्यावी तशी जबानी. घरात भूत आल्याच्या रात्रीची तारीख १७ नोव्हेंबर १९१५ अशी तो नोंदवतो. ते घर, जेफर्सन ॲव्हेन्यू, क्रमांक ७७, आज त्याचे स्मारक आहे आणि १९८४ पासून लोक तेथे पाहावयास जातात. शेजारच्या पानावर वेडीवाकडी माणसे आणि या पानावर गंभीर चेहऱ्याचे गद्य. या दोहोंमधल्या फटीतून हसू येते. नुसती चित्रे किंवा नुसते लेख छापले तर अर्धी गंमत जाते, असे माझे मत आहे.

चित्राला त्याला काही मिनिटे पुरत. लेखाचे तसे नव्हते. १९५५ साली 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने एका कथेविषयी सांगितले, की तिचे पंधरा संपूर्ण खर्डे झाले, सगळे मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार शब्द, दोन हजार तास. आणि अखेरची कथा वीस हजार शब्दांहून मोठी नाही. पहिला खर्डा बायकोला दाखवला की ती म्हणे, हे शाळकरी पोराचे लिखाण झाले. त्याची दुसरी पत्नी हेलन ही स्वतः संपादक होती. मेजवानीत पाहुणे बोलत असता ती नवऱ्याजवळ येऊन त्याला दटावी की लिहिणे थांबव. आणि जेवताना मुलीने विचारावे, की बाबांना बरे नाही का? हेलनने सांगावे, नाही ग, ते लिहिताहेत. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. माणूस डोक्यात लिहितो आहे. ही सवय पुढे त्याच्या उपयोगी पडली, ती कशी ते सांगतोच.

वॉल्टर मिटीविषयी फार बोलत नाही, कारण ती कथा बहुतेकांना ऐकून माहीत असते. बायकोला बाजारात घेऊन जाणारा एक दबलेला नवरा मोटार चालवता चालवता मनात नौदलाचा कप्तान होतो, शल्यविशारद होतो, वैमानिक होतो. मार्च १९३९ मध्ये ती न्यू यॉर्करमध्ये आली आणि मिटी हे नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले. १९४७ साली तिच्यावर चित्रपट निघाला, तो थर्बरला मुळीच आवडला नाही. २०१३ साली आणखी एक निघाला. दोन्ही चित्रपटांत मिटीला अखेर खरोखरीची साहसे करावयास लावले आहे. कथेचा सारा जीव त्याने घराबाहेर काही करू नये यात आहे, हे चित्रपटवाल्यांना सांगणार कोण?

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. थर्बरच्या चित्रांतील बायका हा आजच्या वाचकाला अडखळवणारा भाग आहे. त्या धिप्पाड, रागीट, दरडावणाऱ्या. एका चित्रात दमलेला नवरा घरी परतला आहे आणि घराची मागची बाजूच बायकोच्या चेहऱ्यात मिसळून त्याच्यावर ओणवली आहे. १९३४ साली त्याने स्त्रीपुरुषांच्या युद्धाची एक चित्रमालिकाच काढली. अशी पन्नास चित्रे ओळीने पाहिली की हसू ओसरते आणि कडवटपणा जिभेवर राहतो. त्याचे पहिले लग्न मोडले होते, हे कारण पुरेसे नाही. भित्र्या पुरुषाला जग मोठे दिसते आणि त्या जगातली सर्वात जवळची व्यक्ती सर्वात मोठी दिसते, एवढाच बचाव मी करू शकतो; पण ती बाई त्या पलंगावर काय विचार करीत होती, हे त्याने क्वचितच विचारले. हे उणे आहे.

आणि तरी 'द लास्ट फ्लॉवर' हे त्याचे पुस्तक काढले की ही तक्रार थोडी मागे घ्यावी लागते. १९३९ च्या नोव्हेंबरात, युरोपात युद्ध पेटून दोन महिने होत असताना, ते निघाले. पानावर एक चित्र आणि खाली एखादी ओळ, एवढेच. बाराव्या महायुद्धानंतर पृथ्वीवर शहरे नाहीत, बागा नाहीत. कुत्र्यांनीसुद्धा माणसांना सोडले आहे, आणि थर्बरच्या जगात कुत्र्याने सोडणे याहून मोठी नाचक्की नाही. अशात एका तरुण मुलीला शेवटचे फूल दिसते. ती सांगत सुटते. एका तरुणाखेरीज कोणी लक्ष देत नाही. दोघे मिळून फूल जगवतात. फुलाची बाग होते, माणसांना पुन्हा प्रेम आठवते, मग गावे, गाणी, कारागीर, आणि मग सैनिक, सेनापती, आणि पुन्हा युद्ध. अखेरीस उरतात एक पुरुष, एक स्त्री, एक फूल. ती हाडे नसलेली माणसे येथे काय करतात पाहा. तीच गबाळी रेषा, पण हसू येत नाही. रोझमेरी ही त्याची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, पुस्तक तिला अर्पण केले आहे.

पुढच्याच वर्षी उजवा डोळा ढासळू लागला. १९४० आणि १९४१ मध्ये त्यावर पाच शस्त्रक्रिया झाल्या. दृष्टीचा कवडसा तेवढा उरला. थर्बर पिवळ्या कागदावर जाड काळ्या खडूने लिहू लागला. एका पानावर वीसेक शब्द मावत. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत बारीक कामासाठी वापरीत तसले भिंग डोक्यावर बांधून त्याने चित्रे काढली, मग काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढली. ९ जुलै १९५१ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील त्याचे स्वतःचे रेखाचित्र हे अखेरचे. त्यानंतर दहा वर्षे तो जगला, पण रेषा संपली होती.

मग तो कानावर आला. डोक्यात लिहिण्याची जुनी सवय होतीच. आता तो दोनदोन हजार शब्द मनात रचून ठेवी आणि लेखनिकेला सांगे. त्याचे गद्य या काळात बदलते. आधी जे डोळ्याने घडत असे ते आता नादाने घडते. 'द थर्टीन क्लॉक्स' या १९५० च्या परीकथेत गद्य मधूनच छंदात शिरते, यमके वाक्यांच्या पोटात लपून बसतात. त्या पुस्तकाची चित्रे मार्क सिमाँ या चित्रकाराने काढली. कथेतले एक पात्र एक टोपी घालते आणि ती टोपी वर्णन करण्यापलीकडची आहे असे लेखकाने लिहून ठेवले आहे. सिमाँने टोपी काढली. थर्बरला दिसत नव्हते, म्हणून त्याने सिमाँला तिचे वर्णन करावयास सांगितले. सिमाँला ते करता येईना. थर्बर म्हणाला, मग ठीक आहे.

१९५७ सालच्या 'द वंडरफुल ओ' मध्ये चाचे एका बेटावर उतरतात आणि 'ओ' या अक्षराला बंदी घालतात, कारण त्यांच्या पुढाऱ्याची आई एकदा जहाजाच्या वाटोळ्या खिडकीत अडकली होती. हे मराठीत आणणे अवघड. आपल्याकडे एखाद्या राज्यकर्त्याने 'ळ' वर बंदी घातली अशी कल्पना करा. डाळ गेली, गूळ गेला, पोळी गेली. मग पुरण कोठून येणार आणि सण कसला होणार? सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही गेल्या, आणि व्याख्यात्याला टाळीसुद्धा नाही. थर्बरच्या बेटावर मात्र शेवटी लोक असे शब्द हुडकतात की जे जाऊ देता येत नाहीत. आशा, प्रेम, शौर्य आणि स्वातंत्र्य. इंग्रजीत या चारही शब्दांच्या लेखनात ते अक्षर येते.

हा नुसता शब्दखेळ नव्हता. अमेरिकेत तेव्हा कोण काय बोलला याची झडती घेण्याचे दिवस होते. ओहायो राज्य विद्यापीठाने १९५१ साली बाहेरच्या वक्त्यांना पारखून घेण्याचा नियम केला, आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठाने थर्बरला सन्माननीय पदवी देऊ केली. सूक्ष्मदर्शकामुळे जी पदवी हुकली ती घरबसल्या मिळत होती. त्याने ती नाकारली. वक्त्यांची मुस्कटदाबी चालू असताना ती स्वीकारणे म्हणजे त्या नियमाला मान डोलावणे होईल असे त्याचे म्हणणे. आयुष्यभर त्याने भित्र्या माणसांची चित्रे काढली, आणि वेळ आली तेव्हा तो भ्याला नाही. विद्यापीठाने १९९५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, ती पदवी दिली. व्याख्यानमालेत बसलेल्या आपणा सर्वांना या प्रकरणात थोडा अधिक रस वाटेल अशी माझी समजूत आहे.

१९६० साली त्याच्या लेखांचे आणि चित्रांचे एक रंगरूप ब्रॉडवेवर आले आणि त्यात तो स्वतः, जवळजवळ आंधळा, पासष्ट वर्षांचा, ८८ प्रयोगांत थर्बर म्हणूनच उभा राहिला. प्रेक्षक दिसत नव्हते, हसू ऐकू येत होते. २ नोव्हेंबर १९६१ रोजी तो न्यू यॉर्क येथे वारला.

ज्यांना त्याची पुस्तके वाचावयाची असतील त्यांनी 'माय लाइफ अँड हार्ड टाइम्स' पासून आरंभ करावा; मग 'द लास्ट फ्लॉवर', आणि घरात मुले असतील तर 'द थर्टीन क्लॉक्स' त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. १९४५ चे 'द थर्बर कार्निव्हल' हे जाड निवडक पुस्तक एकदम हाती घेऊ नये. गोड पदार्थ परातीतून खाल्ल्यासारखे होते. पलंग पडल्याची गोष्टही मोठ्याने वाचण्यासारखीच आहे. फक्त ती रात्री उशिरा वाचू नये. शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसाला आपल्या हसण्यात काय ऐकू येईल, याचा नेम नाही.